टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) 'सिव्हिअर' आलंय आणि हृदयाचा व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, बदला म्हणतायत? मग आधी एवढं करा

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. आईचा मायट्रल व्हॉल्व्ह बदलला त्याला आता सहा वर्षं होतील, त्यानंतर शेजारच्या काकांचं टावी (छाती न उघडता झडप बसवणं) झालं आणि मागच्या वर्षी मामेबहिणीचं रिपेअर, तिन्ही पुण्यातच, तिन्ही वेळा फायली घेऊन फिरणारा माणूस मीच. त्यामुळे आता धायरीपासून पिंपरीपर्यंत कुणाच्याही घरात व्हॉल्व्ह निघाला की फोन मला येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "हॉस्पिटल कुठलं चांगलं?" अरे बाबांनो, तो प्रश्न तिसरा-चौथा आहे. पुण्यात हार्टची ऑपरेशनं होणारी हॉस्पिटलं भरपूर आहेत. आधी हे ठरवायचं की झडप दुरुस्त करायची का बदलायची, बदलायची तर कुठली बसवायची, आणि ती बसल्यावर पेशंट घरी आल्यावर जगणार कसा. हे ऑपरेशनच्या आधी बोलून घ्यायचं असतं, आणि नेमकं तेच कुणी बोलत नाही.

रिपोर्ट वाचायला शिका, पाच मिनिटांचं काम आहे

हृदयात चार झडपा, दिवसाला साधारण एक लाख वेळा उघडझाप. बिघाड दोनच प्रकारचे, एक तर झडप नीट उघडत नाही म्हणजे स्टेनोसिस, नाहीतर नीट मिटत नाही म्हणजे रिगर्जिटेशन, आपण ज्याला लीक म्हणतो. एकाच झडपेत दोन्ही असू शकतं. आपल्याकडे जास्त करून मायट्रल (डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली) आणि एओर्टिक (हृदयातून रक्त शरीरात बाहेर पडतं तिथली) या दोघींचीच भानगड असते.

आईच्या रिपोर्टमधे शेवटी असं होतं: एमव्हीए ०.८, मीन ग्रेडियंट १४ (झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या प्रेशरमधला फरक), मॉडरेट एमआर (मायट्रलचा मध्यम लीक), एलए डायलेटेड (वरचा डावा कप्पा फुगलेला), पीएएसपी ६५, ईएफ ५५ टक्के, एएफ. आम्ही ईएफ बघून खूश, की पंपिंग चांगलंय म्हणजे काय एवढं नाही. चूक. एमव्हीए म्हणजे मायट्रल झडपेचं तोंड किती उघडतं ते, निरोगी माणसात ४ ते ६ चौरस सेंटिमीटर, दीडच्या खाली गेलं की सिव्हिअर, आणि आईचं होतं ०.८, म्हणजे करंगळीचं टोक जेमतेम जाईल एवढं. मागे रक्त तुंबून फुप्फुसातलं प्रेशर वाढतं, तो पीएएसपीचा आकडा. पंप चांगलाच होता, दारच उघडत नव्हतं. एएफ म्हणजे ठोके अनियमित पडणं, हा शब्द लक्षात ठेवा, पुढे झडप निवडताना यानंच निकाल लावला.

एओर्टिकचं गणित वेगळं. तिथे तोंड १ चौरस सेंटिमीटरच्या खाली, मीन ग्रेडियंट ४० च्या वर किंवा व्हेलॉसिटी (रक्ताच्या धारेचा वेग) ४ च्या वर असेल तर सिव्हिअर. शेजारचे काका ७६ वर्षांचे, रोज पर्वती चढणारे, वयाच्या मानानं कडक माणूस, आणि एक दिवस अर्ध्या पायऱ्यांवर चक्कर येऊन खाली बसले. घरच्यांनी गूळ-पाणी दिलं, ॲसिडिटी म्हणून सोडून दिलं. एओर्टिक स्टेनोसिसमधे चढताना छातीत दुखणं, धाप लागणं नाहीतर चक्कर येऊन पडणं, यातलं एक जरी सुरू झालं तरी घड्याळ लागलं समजा, कारण त्यानंतर झडप बदलली नाही तर माणूस सरासरी दोन-तीन वर्षंच काढतो. औषधानं ही झडप उघडत नाही, गोळ्यांनी फक्त त्रास थोडा कमी वाटतो. "थोडे दिवस बघू", "दिवाळी झाली की करू" हे इथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट, झडप खराब कशानं झाली ते विचाराच. आईचं ऱ्हुमॅटिक. लहानपणी गावाकडे घसा धरायचा, सांधे सुजायचे, त्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूवर शरीरानं केलेला हल्ला झडपेवरही होतो आणि तो वीस-तीस वर्षांनी असा वर येतो. काकांचं वयोमानानं कॅल्शियम साठून. मामेबहिणीचं प्रोलॅप्स, म्हणजे झडपेचा पडदा ढिला होऊन मागे झुकतो. कारण तिन्हीकडे वेगळं होतं, म्हणून उपायही तीन निघाले. त्यामुळे "आमच्या ह्यांचं तर बिनटाक्याचं झालं" असं कुणी नातेवाईक म्हणाले तर मान डोलवा आणि सोडून द्या.

(पायाच्या शिरांमधे पण झडपा असतात, त्या खराब झाल्या की व्हेरिकोज होतं. त्याचं लेझर वगैरे पूर्ण वेगळं प्रकरण आहे, ते यात मिसळू नका, माझ्या आत्यानं मिसळलं होतं.)

पर्याय कुठले असतात

बलून. हे फक्त अरुंद झडपेला, लीकला नाही. जांघेतल्या शिरेतून तार वर नेतात, हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छोटं भोक पाडून पलीकडे जातात आणि चिकटलेल्या झडपेत फुगा फुगवतात. पूर्वी हेच काम छाती उघडून बोटानं करायचे, लंडनला हेन्री सुटार यांनी १९२५ मधे एका मुलीवर ते केलं, मुलगी बरी झाली आणि तरी त्यांच्याकडे पुन्हा कुणी पेशंट पाठवला नाही, डॉक्टर लोकांचाच विश्वास नव्हता. फुगा आणला जपानच्या कांजी इनौए यांनी, १९८४ मधे त्यांचा पेपर आला. आईचा बलून चाळिशीच्या आत झाला होता, तिसऱ्या दिवशी घरी, आणि पुढे जवळजवळ सतरा वर्षं छान गेली. दुसऱ्यांदा मात्र नाही म्हणाले. बलूनसाठी झडपेला मार्क देतात, विल्किन्स स्कोअर, पडदा किती जाड, किती हलतो, कॅल्शियम किती, पडद्याला धरून ठेवणाऱ्या खालच्या दोऱ्या किती आखडल्यात, प्रत्येकाला १ ते ४. ८ किंवा खाली असेल तर बलून चांगला होतो. आईचा ११ आला, वर लीक पण होता, आणि बलूननं लीक वाढतो. डाव्या कप्प्यात रक्ताची गुठळी असेल तरीही बलून करत नाहीत, म्हणून आधी अन्ननलिकेतून कॅमेऱ्यासारखा एको करतात, त्याला टीईई म्हणतात. घशाला स्प्रे मारतात, वाईट वाटतं पण दहा-पंधरा मिनिटांत संपतं.

रिपेअर. आपली झडप ठेवूनच तिची डागडुजी. फाटलेल्या दोरीच्या जागी गोअरटेक्सचा कृत्रिम धागा, ढिल्या पडद्याचा तुकडा कापून शिवणं, आणि सैल झालेल्या चौकटीला रिंग. हे शास्त्र उभं केलं ते फ्रान्सच्या अलां कार्पांतिए यांनी. प्रोलॅप्सचा लीक असेल तर रिपेअरच पहिली पसंती, कारण आयुष्यभर रक्त पातळ करायची गोळी नको, इन्फेक्शनची भीती कमी आणि हृदयाची ताकद जास्त टिकते. ऱ्हुमॅटिकमधे पडदे जाड आणि आखडलेले, तिथे रिपेअर जमलं तरी किती टिकेल सांगता येत नाही. आणि हे काम हाताचं आहे, म्हणून सर्जनला सरळ विचारायचं, "सर, तुम्ही वर्षाला मायट्रल रिपेअर किती करता?" बहिणीच्या वेळी पहिल्या ठिकाणी हा प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बदलला, दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी शांतपणे आकडा सांगितला, वर म्हणाले की दहातल्या एखाद्यात आम्हाला आत जाऊन बदलावा पण लागतो. आम्ही दुसरीकडे केलं.

रिप्लेसमेंट. जुनी काढून नवी. याच्यात नीट चाललेल्या सुरुवातीच्या झडपांपैकी एक १९६० मधे अल्बर्ट स्टार या सर्जननं आणि लॉवेल एडवर्ड्स या इंजिनियरनं केली, पिंजऱ्यात गोळी असलेली, दिसायला अगदी खेळण्यासारखी. आता बसतात त्या वेगळ्या, त्यावर खाली सविस्तर.

टावी. छाती न उघडता जांघेतल्या धमनीतून एओर्टिक झडप. नवी झडप जाळीवर मुडपून बारीक केलेली असते, ती जुन्या झडपेत नेऊन फुलवतात आणि जुनी बाजूला दाबली जाते, काढत नाहीत. पहिल्यांदा फ्रान्सच्या रुआं गावात अलां क्रिबिए यांनी २००२ मधे केली. साधारण सत्तर-पंचाहत्तरीच्या पुढे, किंवा ज्यांना ओपन हार्ट झेपणार नाही त्यांना. पासष्टीच्या आतल्या धडधाकट माणसाला अजून ऑपरेशनच सांगतात, कारण ही झडप टिश्यूचीच असते, किती वर्षं टिकते हे बघावं लागतं. काका चौथ्या दिवशी घरी आले, पण त्यांना आधीच सांगितलं होतं की झडपेच्या कडेनं थोडा लीक राहू शकतो आणि कधीकधी पेसमेकर लागतो. आणि खर्च, नुसती झडपच कित्येक लाखांत जाते, मेडिक्लेमवाल्यांना आधी लेखी विचारा.

तरुण पेशंटमधे रॉस म्हणून एक ऑपरेशन असतं, स्वतःचीच पल्मोनरी (फुप्फुसाकडे रक्त जातं तिथली) झडप काढून एओर्टिकच्या जागी लावतात. ठरावीक सर्जनच करतात, गरज असेल तर तेच सुचवतील.

मेटल का टिश्यू, इथे वेळ घालवा

सर्जननी आईसमोर ड्रॉवर उघडून दोन डब्या काढल्या. एकात काळी चकचकीत रिंग, आत दोन अर्धगोल पाकळ्या, पेनाच्या टोकानं ढकलली की टिक करून उघडायची. दुसऱ्या डबीत पाण्यासारख्या द्रवात फिकट पिवळसर कातड्याच्या तीन पाकळ्या. आईनं काळी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, "गंजणार नाही ना?" डॉक्टर हसले, म्हणाले, आजी, मेटल म्हणतात पण या पाकळ्या कार्बनच्या आहेत, तुम्ही-आम्ही गेलो तरी ही राहील. आईला आजी म्हणलेलं आवडलं नव्हतं, ते असो.

मेटलची झडप झिजत नाही. पण तिच्यावर गुठळी होऊ शकते म्हणून ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिनची गोळी मरेपर्यंत, आणि रक्त किती पातळ झालंय ते बघायला आयएनआर टेस्ट मरेपर्यंत. टिश्यूची, म्हणजे गाईच्या हृदयाच्या आवरणाची किंवा डुकराच्या झडपेची, तिला साधारण तीन ते सहा महिने गोळी आणि मग बऱ्याचदा फक्त ॲस्पिरिन, पण ती दहा-पंधरा वर्षांत खराब होते, आणि पेशंट जितका तरुण तितकी लवकर. म्हणून ढोबळ हिशोब असा की एओर्टिकला पन्नाशीच्या आत मेटल, पासष्टीच्या पुढे टिश्यू, मधल्यांनी बसून बोलायचं. मायट्रलला पासष्टीपर्यंत मेटलकडेच कल.

पण वय हा एकच मुद्दा नाही. माणूस गोळी वेळेवर घेणारा आहे का? जवळ लॅब आहे का? भोरच्या आत दुर्गम वाडीत राहणारा एकटा माणूस आणि कोथरूडमधे सून-मुलात राहणारा, दोघांचं उत्तर वेगळं येऊ शकतं. शेतात कोयता-विळा चालवणारा, वेल्डिंगचं काम करणारा, दारू पिणारा, ज्याला अल्सरचं रक्त पडलंय असा, सगळं सांगा. मूल व्हायचं असेल तर हे पहिल्याच भेटीत बोला, कारण वॉर्फरिन पोटातल्या बाळाला पहिल्या तिमाहीत धोक्याचं आणि गोळी बंद केली तर झडपेला धोका. मामेबहिणीचं रिपेअर जमलं म्हणून सुटलो, नाही जमलं तर टिश्यू लावायची आणि पुढे परत ऑपरेशन लागेल हे स्वीकारायचं, असं तिनं आणि जावईबापूंनी आधीच लिहून दिलं होतं.

आईच्या बाबतीत घरात दोन गट. बहीण म्हणत होती टिश्यू, गोळीची कटकट नको. मग डॉक्टर म्हणाले, अहो एएफ आहे, गोळी तर कुठलीही झडप लावली तरी कायमची घ्यावीच लागणार. मग टिश्यूचा जो मुख्य फायदा तोच गेला ना, वर सत्तरीत दुसरं ऑपरेशन. पाच मिनिटांत मेटल ठरली. म्हणून म्हणलं, एएफ हा शब्द लक्षात ठेवा.

गाय आणि डुक्कर हा विषय आपल्याकडे नाजूक आहे, आणि लोक लाजून विचारत नाहीत आणि मग ऑपरेशननंतर घरात महाभारत. शाकाहारी असा, मुस्लिम असा, कुठल्याही कारणानं अडचण वाटत असेल तर आधी विचारा, कुठल्या प्राण्याची आहे ते कंपनीच्या माहितीत असतं आणि पर्याय निघतो.

चित्रा व्हॉल्व्ह नाव ऐकलं तर "स्वस्तातली आहे" म्हणून नाक मुरडू नका. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या टीमनं ती बनवली, आधीची मॉडेलं चाचण्यांत बाद होत होत चौथं टिकलं आणि डिसेंबर १९९० मधे पहिल्या पेशंटला बसवली. एकच चकती तिरकी होऊन उघडते. सरकारी आणि योजनेतल्या पेशंटना ती खूप लागलीय आणि वर्षानुवर्षं चाललीय.

कट कुठे, आणि आत काय होतं

नेहमीचा कट छातीच्या मधोमध, हाड उभं कापतात. मिनिमल म्हणजे उजव्या छातीखाली बरगड्यांच्या फटीतून ५-७ सेंटिमीटरचा कट आणि हार्ट-लंग मशिनच्या (हृदय-फुप्फुसाचं काम बाहेरून करणाऱ्या) नळ्या जांघेतून. एओर्टिकला वरचं अर्धंच हाड कापून पण करतात. बारीक कट दिसायला छान, हाड जुळायची वाट बघावी लागत नाही, गाडी लवकर चालवता येते. पण आत वेळ जास्त जातो, पायाच्या धमन्या खराब असतील किंवा बायपास पण करायचाय तर सहसा करत नाहीत. कट लहान म्हणून रिपेअरच्या जागी रिप्लेसमेंट घेऊ नका, माझं स्पष्ट मत. आत काय झालं ते महत्त्वाचं, बाहेरची रेघ ब्लाउजखाली जाते.

आत थोडक्यात असं, की हार्ट-लंग मशिनवर घेतात, पोटॅशियमचं थंड द्रावण सोडून हृदय थांबवतात, झडप कापतात, रिंगेभोवती बारा-पंधरा किंवा जास्त टाके आधी घालून मग नवी झडप त्या धाग्यांवरून खाली सरकवतात आणि गाठी मारतात. हृदय पुन्हा सुरू करून टेबलवरच एको बघतात. एकूण चार-पाच तास. बाहेर बसणाऱ्यांना ते बारा तास वाटतात, डबा आणि चार्जर न्या.

सर्जनना आधी विचारायच्या गोष्टी, मी वहीत लिहून नेल्या होत्या, तुम्ही पण न्या: रिपेअर नाही जमलं तर कुठली झडप लावणार, ट्रायकस्पिड (उजव्या बाजूची झडप) पण ताणलीय का आणि तिला त्याच वेळी रिंग टाकणार का, एएफसाठी मेझ (ठोके नियमित करायची प्रक्रिया) करणार का, डाव्या कप्प्याचा कोपरा जिथे गुठळ्या होतात तो बंद करणार का. टिश्यू लावत असाल तर मोठ्यात मोठी साइझ बसेल का, कारण पुढे ती खराब झाली तर तिच्यातच टावीसारखी दुसरी बसवता येते, लहान असेल तर आत जागा राहत नाही. हा शेवटचा प्रश्न ऐकून डॉक्टर म्हणाले, तुम्ही काय करता? म्हणलं, आयटीत टेस्टिंग.

भरती व्हायच्या आधी

दात. सगळ्यात दुर्लक्षित. किडलेला दात, सुजलेली हिरडी, तिथले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसतात आणि ते इन्फेक्शन फार वाईट. डेंटिस्टकडून क्लिअरन्स घेतल्याशिवाय तारीख देत नाहीत. आईची मिश्रीची सवय, चाळीस वर्षांची, दोन दाढा काढाव्या लागल्या आणि मिश्री सुटली, मधेमधे डबी हुडकायची पण आम्ही फेकून दिली होती.

आधीपासून ॲसिट्रॉम चालू असेल तर किती दिवस आधी बंद करायची आणि मधे हेपारिनची (रक्त पातळ ठेवणारी) इंजेक्शनं लागणार का हे लेखी घ्या. चाळिशीच्या पुढे अँजिओग्राफी होतेच, ब्लॉक निघाला तर त्याच वेळी बायपास. शुगर, थायरॉइड, रक्तदाते बघून ठेवा.

पैसे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत व्हॉल्व्हची ऑपरेशनं बसतात, आयुष्मानसोबत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशन कार्ड, आधार आणि एको रिपोर्ट घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राच्या खिडकीवर जा, भरती व्हायच्या आधी मंजुरी घ्या, नंतर नाही. कुठली झडप पॅकेजमधे येते आणि कशाचे वरचे पैसे भरावे लागतील ते तिथेच विचारा. योजनेत बसत नसेल तर धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढा आणि हॉस्पिटलच्या सोशल वर्करला भेटा. एका ठिकाणी आम्हाला काउंटरवर "असं काही नसतं" म्हणाले होते, सोशल वर्कर मॅडमच्या टेबलावर फॉर्मचा गठ्ठा होता.

घरी आल्यावर

साधारण आठवड्याभरात घरी सोडतात. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, तोवर दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही, बादली नाही, कुकर नाही, नातू नाही. उठताना हातावर जोर नाही, कुशीवर वळून उठायचं. खोकताना छातीला उशी धरायची. श्वासाच्या व्यायामाचं तीन छोट्या चेंडूंचं ते खेळणं तासातासाला. आणि टू-व्हीलर तीन महिने नाही, मागे बसूनही नाही. आपल्या रस्त्यांवर तर नाहीच, सिंहगड रोडवरून आईला रिक्षातून आणलं तर प्रत्येक खड्ड्याला ती माझं मनगट दाबायची, शेवटी कॅब केली आणि पट्ट्याच्या मधे उशी. छातीत हाड कटकट वाजतंय, जखमेतून पाणी येतंय, ताप येतोय, तर वाट न बघता फोन.

पहिला महिनाभर माणूस रडतो, चिडतो, जेवत नाही. आई म्हणायची कशाला केलंत. हे होतं, निघून जातं.

रात्री घर शांत झालं की मेटलची झडप ऐकू येते, टिक टिक टिक. पहिल्या आठवड्यात आईला झोप नाही, म्हणे घड्याळ गिळल्यासारखं वाटतंय. माझा पोरगा कान लावून मोजायचा. आता तिला ऐकू आलं नाही तर उलट ती घाबरते, आणि ते बरोबरच आहे: आवाज दबका झाला किंवा बंद झाला आणि धाप लागली, किंवा तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय, तर थेट इमर्जन्सी. झडप अडकलेली असू शकते.

आता आयएनआर. मेटल मायट्रलला साधारण २.५ ते ३.५, एओर्टिकला २ ते ३, तुमचं टार्गेट डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या. सुरुवातीला तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. एकच लॅब ठेवा. गोळी संध्याकाळी ठरलेल्या वेळी, आमच्याकडे दिवा लावला की. विसरली तर दुसऱ्या दिवशी डबल घ्यायची नाही. आणि बाजारातल्या नव्या टेस्ट न लागणाऱ्या रक्त पातळ करायच्या गोळ्या मेटल झडपेला चालत नाहीत, त्यातल्याच दाबिगॅट्रानची मेटल झडपेवरची चाचणी २०१२ मधे थांबवावी लागली होती, तेव्हा कुणी सुचवलं तरी बदलू नका.

पालेभाजी बंद करा असं आम्हाला निम्म्या बिल्डिंगनं सांगितलं. खरं असं, की पालेभाजीतलं व्हिटॅमिन के गोळीच्या विरुद्ध काम करतं, म्हणून बंद नाही, दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची. पहिल्या गणपतीत ऋषीपंचमीला मावशीनं ऋषीची भाजी पातेलंभर केली, अळू, माठ, अंबाडी, आईनं ती तीन दिवस दोन्ही वेळा खाल्ली, पुढचा आयएनआर १.७. थंडीत मेथी, चाकवत, हरभऱ्याचा पाला स्वस्त झाला की पण हेच. आता वाटी ठरलीय.

दुसरा घोळ उलटा. जुलाब झाले म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो, ॲसिट्रॉम चालू आहे हे सांगायला मी विसरलो, मेट्रोनिडाझोल दिलं, पाचव्या दिवशी चूळ भरताना बेसिनमधे रक्त. आयएनआर ६.२. तेव्हापासून कुठलीही गोळी, अँटिबायोटिक, पेनकिलर, काढा, वैद्याचं चूर्ण, आधी विचारायचं. कमरेतलं इंजेक्शन पण विचारूनच. यात एक अपवाद, ऱ्हुमॅटिकवाल्यांचं दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन झडप बदलली म्हणून आपोआप बंद होत नाही, ते कधी थांबवायचं ते डॉक्टर सांगतील.

दाताचं काही काढायचं-खणायचं असेल तर अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिकचा डोस, सहसा अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, ॲलर्जी असेल तर दुसरं. आणि कारण नसताना ताप तीन-चार दिवस राहिला तर घरातलं अँटिबायोटिक सुरू करायचं नाही, आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची टेस्ट), नाहीतर झडपेवरचं इन्फेक्शन सापडतच नाही.

डिस्चार्जच्या वेळी झडपेचं कार्ड मिळतं, कंपनी, साइझ, सिरियल नंबर. फोटो काढून सगळ्यांच्या फोनमधे टाका. आताच्या झडपांना एमआरआय चालतो पण मशिनवाला कार्ड बघितल्याशिवाय आत घेत नाही. आईनं तिचं लॅमिनेट करून पर्समधे ठेवलंय, पीएमटीच्या पासच्या मागे. बसला ती अजून पीएमटीच म्हणते.